बाकावरून उठवलेली माणसं

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा रोशन जेवत होता. फोन नागपूरच्या दवाखान्यातून माझ्या दिराचा, म्हणजे वैशालीच्या बापाचा होता. त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता, म्हणून मीच विचारलं, "गेली का?" तो "हो वयनी" म्हणाला आणि फोन तसाच राहिला. रोशन माझा मुलगा. मी त्याला सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. ताटातच हात धुतला, उठला आणि मागच्या दारानं धानाच्या बांधीकडे निघून गेला. शेजारची बाई माझा आवाज ऐकून आली होती. ती म्हणाली, "बहीन गेली अन् पोट्ट्याच्या डोळ्यात टिपूस नाही. कसा व हा तुहा पोरगा!" मी म्हटलं, "त्याच्या वाटचं तू रड." मग ती खरंच रडली. मी चुलीवरची भाजी उतरवून ठेवली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. विहारात सभा झाली. बोलणारे चांगलं बोलले. हुशार होती, गावातली पहिली कॉम्प्युटर इंजिनीअर, समाजाचं नाव काढलं, भावाबहिणीचं प्रेम तर विचारूच नका... हे शेवटचं ज्यानं म्हटलं त्याला काहीच माहीत नव्हतं. बाकी सगळं खरं होतं, पण त्यात मला वैशाली काही दिसली नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला गोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहिते.

वैशालीची आई, म्हणजे माझी जाऊ, पोर लहान असतानाच वारली. तेव्हापासून ती माझ्या हाताखाली वाढली. मला ती मोठ्याई म्हणायची. रोशन तिच्यापेक्षा थोडा मोठा, त्याला दादा. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या सुमाराला दोघं नवेगाव बांधच्या शाळेत जात होते. सायकल एकच होती. रोशन चालवायचा, ती मागे बसून पाढे म्हणायची, आणि चुकली की तो सायकल थांबवून तिला खाली उतरवायचा. "बरोबर म्हन, मंग बस." ती रडत घरी येऊन सांगायची नाही. पुढच्या वळणापर्यंत पाढा बरोबर म्हणून दाखवायची आणि बसायची. त्यांचं हे मला कोणा दुसऱ्यानंच सांगितलं. ती बारावीला पहिली आली, गोंदियाला शिकली, मग नागपूरला. रोशनला अभ्यास फार जमला नाही, पण तो धावायचा. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, धावताना त्याला पाहायला म्हातारी माणसं थांबायची. धावण्याच्या चाचणीवर होणाऱ्या सरकारी भरतीत लागेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. दोनदा थोडक्यात हुकलंही.

वैशालीला नागपुरात नोकरी लागली तेव्हा मी तिला विचारलं होतं, तू करतेस तरी काय? सरकारी कामांच्या साइट चालवणारी ती कंपनी होती. साइट दुसऱ्यांनी बनवलेली, ही फक्त बघत बसायची. मी म्हटलं, "बघत बसायचा पगार देते का कोनी?" ती हसली नाही, तिला असं विचारलेलं आवडायचं. तिनं मला सरकारी दवाखान्याचं उदाहरण दिलं. "मोठ्याई, डॉक्टर ठरलेले, अन् बाहेर बाक ठरलेला. लोकं आले का बाकावर बसते, नंबर लागला का आत जाते. बाक भरला तं बाकीचे उन्हात उभे. मी पाहतो का बाक किती भरला, डॉक्टर किती वेळ लावून राहिला, कोनी उगाच तं बसून नाही. अन् मधातच ते मशीन सारं काम थांबवून सोताचा कचरा काढत राहते. तेवढ्यात दारात गर्दी. तं कचरा कधी काढाचा, हे बी मीच ठरवतो." मी म्हटलं, "म्हनजे झाडू मारायचं शिकाले तू नागपूरले गेली." रोशन तेव्हा तिथंच बसला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण नंतर तो तिच्यासमोर कधी हसला नाही.

तिच्या कामाच्या खोलीत भिंतीवर मोठे पडदे होते म्हणे, त्यावर रेघा सरकत राहायच्या. हिरवी रेघ म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलं. घरी आली तरी ती मोबाइलवर त्या रेघा बघायची. जेवताना बघायची, न्हाणीतून ओल्या हातानं बाहेर येऊन बघायची. रेघ वर चढायला लागली की तिचा चेहरा बदलायचा, जसा तापलेल्या लेकराच्या आईचा बदलतो. मी रागवायचे. ती म्हणायची, "मोठ्याई, एक साइट पडली तं हजार घरी रडारड होते." त्यात तिची फुशारकी नव्हती, हे खरंच होतं. निकालाच्या दिवशी, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी साइट बंद पडून पोरांचे हाल झालेले आम्ही सगळ्यांनीच बघितले होते. तिच्या हातात असलेली साइट पडू द्यायची नाही, एवढंच तिनं मनात धरलं होतं.

मग ती भरती आली. कुठल्या खात्याची ते लिहीत नाही, आता त्याचा उपयोग नाही. रोशनचं वय संपत आलं होतं. सवलत धरूनही ते त्याचं शेवटचं वर्ष होतं. फॉर्म कॉम्प्युटरवरच भरायचा होता, आणि योगायोग असा की ती साइट वैशालीच्या कंपनीकडे, आणि कंपनीत वैशालीकडे. घरात सगळे खूश. जणू पोरगी आतून दार उघडून देणार! ती आधीच म्हणाली होती, "दादा, लवकर भर, शेवटी गर्दी होते." रोशननं ऐकलं नाही असं नाही, पण एक दाखला तहसीलमधून निघत नव्हता, आणि वर धानाची रोवणी सुरू झाली. परे, म्हणजे रोपं, उपटून ठेवलेले, रोवणाऱ्या बायका ठरलेल्या, बांधीत पाणी. ते सोडून कोण जाणार? दाखला हातात आला तोवर शेवटचा दिवस उजाडला. सकाळी पायाचा चिखल धुऊन तो नवेगावच्या कॅफेत जाऊन बसला.

तिथं तेव्हा नेटची लाइन फार मंद होती. पान उघडेपर्यंत एक बिडी ओढून व्हायची. रोशननं नाव, गाव, जात, शिक्षण सगळं भरलं, आणि फोटो चढवायला लावला. फोटो थोडा थोडा चढत होता. आणि अचानक पान गेलं, पडद्यावर आलं: तुमची वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा. त्यानं पुन्हा नावापासून सुरुवात केली. पुन्हा फोटोपाशी गेलं. कॅफेतल्या सगळ्याच पोरांचं तसंच होत होतं, आजूबाजूच्या गावांतली पोरं होती ती. एक म्हणाला, "रोशनभाऊ, तुही बहीन आहे ना आत? सांग ना तिले, का दार लावून घेतलं म्हनून." दुपारी रोशननं वैशालीला फोन लावला. हे संभाषण मला दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं सांगणं सारखंच होतं, म्हणून लिहिते.

तो म्हणाला, "वैशाली, तुमची साइट बाहेर काढून राहिली आम्हाले."

ती म्हणाली, "नाही दादा. इथं सारं बरोबर दिसून राहिलं. हिरवं आहे सारं. तुही लाइन मंद असंन. पुन्हा कर."

तो पुन्हा करत राहिला. कॅफेवाल्यानं शटर अर्धं ओढलं तरी करत होता. घरी आला तेव्हा मी काही विचारलं नाही, कारण त्यानं चप्पल दारातच सोडून दिली होती, एक इकडे, एक तिकडे, आणि तो कधी तसं करत नाही.

तारीख वाढली नाही. साइट शेवटच्या क्षणापर्यंत चालू होती, मग वाढवायची कशाला? कंपनीत मात्र त्या दिवसाचं फार कौतुक झालं. एवढी गर्दी होऊन साइट पडली नाही. वैशालीला फुलांचा गुच्छ दिला, सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. तिनं तो फोटो मला पाठवला होता. त्यात ती हसत नाही, गुच्छ कोणाचा तरी धरायला दिल्यासारखा धरला आहे. दादाचा फोन तिच्या डोक्यातून गेला नव्हता. रोशनला साध्या गोष्टी कळतात, तो उगाच काही बोलत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून टाळ्या वाजून गेल्यावर ती मशीनमध्ये मागे गेली आणि त्या दिवशी काय काय झालं ते बघत बसली.

झालं होतं ते असं. शेवटच्या दिवशी सकाळीच बाक भरून गेला. बाहेर रांग वाढायला लागली, रेघ पिवळी झाली, लाल व्हायला आली. वैशालीनं बघितलं की बाकावर खूप माणसं नुसती बसून आहेत, काही करत नाहीत. तिला वाटलं, फॉर्म उघडून उठून गेले असतील, चहा प्यायला, जेवायला. लोक तसं करतात. म्हणून तिनं वेळ कमी केली. इतका वेळ काही हालचाल नाही, की उठवा त्याला, दुसऱ्याला बसू द्या. लगेच बाक मोकळा झाला. रेघ खाली आली. हिरवी झाली... ज्यांना झोपलेलं समजून उठवलं ते झोपलेले नव्हते. त्यांचा फोटो चढत होता. नागपूर, पुण्याच्या पोरांचा डोळ्याची पापणी लवेस्तोवर चढला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, गडचिरोलीच्या जंगलातली गावं, इथले लोक तेवढ्या वेळात पायरीही चढले नव्हते. नागपूरच्या खोलीत बसून ते दिसत नव्हतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं तर मी काही म्हटलं नसतं. पण ही तर इथलीच. हिनं इथली लाइन पाहिलेली होती, इथं बसून स्वतःचे फॉर्म भरलेले होते. एवढी वर्षं चांगल्या लाइनीवर बसल्यावर माणूस विसरतो. मी तिला दोष देत नाही, जे झालं ते सांगते.

तिनं साहेबाला जाऊन सांगितलं की या लोकांना पुन्हा फॉर्म भरू द्या, खात्याला कळवा. साहेब म्हणाला, साइट बंद पडली नाही, मग कारण काय दाखवायचं? आणि तुझ्याच कामाबद्दल तूच तक्रार करणार? ती बऱ्याचदा गेली. शेवटी त्यानं तिला भेटायचंच बंद केलं.

धान कापणीला आलं तेव्हा ती साकोलीवरून बस बदलून घरी आली. भर दुपार होती, रोशन ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. पिशवी खाली न ठेवताच तिनं सांगायला सुरुवात केली.

"दादा, तुहा फॉर्म लाइनीनं नाही गेला. मी काढलं तुले बाहेर."

"तू?"

"मी वेळ कमी केली होती. मले वाटलं, लोकं उगाच बसून आहेत."

"कायले केली?"

"बाकीच्यांचं व्हावं म्हनून. नाही तं साइट पडली असती."

"बाकीच्यांचं झालं?"

"झालं."

"मंग चांगलंच झालं ना बाई," रोशन म्हणाला. तिला तो कधी बाई म्हणत नसे. विळा भिंतीला टेकवून तो उठला आणि जाता जाता म्हणाला, "पडू द्याची होती. पडली असती तं तारीख वाढली असती."

तिच्या हातातली पिशवी तशीच होती. मी म्हटलं, "सांगाची काय गरज होती व तुले? त्याले वाटून राहिलं होतं का नशीब खोटं. तेच बरं होतं." ती म्हणाली, "मोठ्याई, तो लाइनीले शिव्या देऊन राहिला होता. लाइनीचा काय गुन्हा?" मी तिला पाणी दिलं.

त्यानंतर रोशन तिच्याशी बोलला नाही. भांडला नाही, वाईट वागला नाही, बोलला नाही एवढंच. तिरोड्याकडची एक मुलगी त्याला सांगून आली होती. नोकरीवर अडून होतं ते, तुटलं. पुढे त्यानं लग्नाचं नाव काढू दिलं नाही. धावणंही सुटलं. वैशाली घरी आली की तो निजायला शेतावर जायचा. ती म्हणायची, "दादा, चहा घेते?" तो उठून जायचा. तीही हट्टी. पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची. मी एकदा रोशनला म्हटलं, "बोल ना गा तिच्याशी. तुहीच बहीन आहे." तो म्हणाला, "तिले तं सारं हिरवं दिसते माय. मी काय बोलू?" त्याचं बोलणं असं लागायचं. पण ती ऐकत नव्हती तिथं, मीच ऐकत होते. तिला मात्र जगात बाकी काही नको होतं. दादा एकदा बोलला पाहिजे, शिव्या दिल्या तरी चालेल, असं ती मला प्रत्येक वेळी म्हणायची. तिच्या लग्नाचं मी काढलं की म्हणायची, "दादा येईन का मांडवात?"

तिनं ती कंपनी सोडली. दुसरीकडे लागली. तिथं सरकारी योजनांचे फॉर्म भरायची साइट होती, शिष्यवृत्ती, निराधाराचा पगार म्हणजे आम्हा विधवा बायकांना महिन्याला मिळतो तो, असलं सगळं. तेच बघत बसायचं काम, पण तिची तऱ्हा बदलली होती. महिन्या-दोन महिन्यांनी ती गावी यायची, घरातला सगळ्यात जुना मोबाइल घ्यायची आणि तलावाच्या पाळीवर, जिथं नेट सगळ्यात मंद चालतं तिथं जाऊन बसायची. गवतात फतकल मारून खोटा फॉर्म भरायची. नाव, गाव, फोटो, सही. फोटो चढेपर्यंत समोरचं पाणी बघत बसायची. साइटनं बाहेर काढलं की नागपूरला फोन करून तिथल्या पोरांना झापायची. मासेमार तिला ओळखायला लागले होते. "आली का व नागपूरची बाई हवा खायले," म्हणायचे. तिनं तिथली वेळ वाढवून घेतली होती. भरलेलं तेवढं साठत राहील अशी सोय करून घेतली होती. त्यापायी मशीन वाढवाव्या लागल्या, साहेबांशी वाद झाले. मंद लाइनीच्या माणसांसाठी एवढा खर्च कशाला, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, तेच तर फॉर्म भरतात, बाकीच्यांना निराधाराचा पगार कशाला लागतो?

रोशन तोवर नवेगावातच एका केंद्रावर लागला होता. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम. दुसरं काही मिळालं नाही म्हणून. म्हणजे ही नागपुरात त्या साइटच्या एका टोकाला, आणि तो इथं त्याच साइटच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये बोलणं नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण दिसून काय करायचं असतं?

यंदा भादव्यात ती आली होती. गवत कमरेला लागत होतं. पाळीवर बसून आली, दोन-चार दिवसांनी नागपूरला गेली आणि तिथं तापानं पडली. साधा ताप म्हणून गोळ्या घेतल्या. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप असतो, त्याला मोठं इंग्रजी नाव आहे. चावल्याची काळी खूण तिच्या मांडीच्या मागे होती, ती दवाखान्यात कपडे बदलताना सापडली. तोवर उशीर झाला होता. आमच्या वस्तीतले लोक म्हणतात, त्या फॉर्मनंच तिला खाल्लं, तो फॉर्म नसता तर ती पाळीवर बसलीच नसती. मी असं जोडत नाही. गवत सगळीकडे असतं. आमच्या बायका जन्मभर त्यातच बसतात, त्यांतल्याही काही जातात.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ती शुद्धीत होती. डोळे पिवळे, ओठ फाटलेले. पहिला प्रश्न, "दादा आला?" मी म्हटलं, "नाही." खोटं सांगून तिला फसवण्यात काय अर्थ होता, ती दाराकडे बघत राहिली असती. तिनं पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "गर्दी असंन त्याच्या केंद्रावर. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आहे आज." आणि लगेच, "साइट चालू आहे ना मोठ्याई?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, "मरू दे तुही साइट." ती हसली. दातांना रक्त होतं. रोशन दुसऱ्या दिवशी आला. तोवर तिच्या तोंडात नळी घातली होती. डोक्याशी छोटा पडदा लावला होता, त्यावर तिच्या छातीची, श्वासाची रेघ सरकत होती. रेघ हिरवी होती. रोशन तिच्याकडे कमी आणि त्या पडद्याकडेच जास्त बघत होता. मी म्हटलं, "बोल गा काही." तो म्हणाला, "ऐकू येत नसंन तिले." मी म्हटलं, "नसंन येत तं नसंन. तू बोल." त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग नर्स आली, वेळ संपली म्हणाली, आणि आम्ही बाहेर आलो. दवाखान्यात एकालाच राहू देत होते, म्हणून दिराला ठेवून त्याच रात्री आम्हाला गावी परतावं लागलं, आणि मग तो फोन आला.

त्रिशरण, पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यात तिला नेलं. खांदा रोशननं दिला, शेवटपर्यंत बदलू दिला नाही. पण बोलला नाही. घरी आल्यावर तिच्याबद्दल एक शब्द नाही, नाव नाही. मला वाटलं, या पोराच्या आत काही उरलेलंच नाही. मी त्याची आई असून मला तसं वाटलं.

गेल्या आठवड्यात निराधाराच्या पगाराचा कागद नव्यानं भरायचा निघाला, म्हणून मी त्याच्या केंद्रावर गेले. खोली लहान, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, शाळेच्या पोरी दारात. रोशन माझा फॉर्म भरत होता. सगळं झालं, फोटो चढायला लावला. तो अर्ध्यावर आला आणि पान गेलं. वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. एक म्हातारी म्हणाली, "सकाळपासून हेच करून राहिलं. भूत लागलं का गा तुह्या मशीनले?" रोशनचा हात माउसवर तसाच राहिला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "थांबत नाही आता."

"काय थांबत नाही?"

"वैशालीची साइट. सारं मशीन बंद पडे, सारी लाइन जाये, पन ही थांबे. कितीबी वेळ लागू दे. खैरीची एक बुढी होती, तिची सही चढाले सारी दुपार गेली, तरी थांबली होती. वेळ तिनं वाढवून ठेवली होती ना... कोनी तरी कमी केली. भरलेलं साठत राहे, ते बी बंद केलं."

त्याच्या तोंडून तिचं नाव मी इतक्या वर्षांनी ऐकलं. मी विचारलं, "तुले माहीत होतं, का वेळ तिनं वाढवली म्हनून?"

"तं कोन वाढवनार होतं?"

"कधीपासून माहीत होतं?"

"ती तिथं लागली तेव्हापासून."

"अन् तिले सांगितलं नाही तू?" मी म्हटलं. बायका ऐकत होत्या, ऐकू दे म्हटलं. "ती मरेपर्यंत वाट पाहत होती, का तू काहीतरी बोलशील. एवढं तरी सांगाचं होतं गा, का थांबते तुही साइट. दोन शब्द होते."

रोशन पडद्याकडे बघत राहिला. "सांगनार होतो," म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. कधी सांगणार होतास, याचं उत्तर आता कोणाला द्यायचं? नागपूरच्या त्या खोलीत तिच्या जागी कोणी नवं पोर बसलं असेल. वाईट नसेल तेही. त्याला बाकावर झोपलेली माणसं दिसली असतील, त्यानं उठवली असतील. तिनं एकदा केलं तेच. आम्ही कोण ते त्याला कुठून दिसणार?

दारातल्या पोरी चुळबुळ करायला लागल्या होत्या. रोशननं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. त्यानं पुन्हा पहिलं पान उघडलं आणि दोन्ही हात त्या बटनांवर ठेवले.

"नाव सांग," म्हणाला.

दिवसभर सगळ्यांना विचारून सवय झालेली, जन्म दिला त्या आईलाही तो नाव विचारत होता. मी सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर.